पूर्वजांचं इंग्लिश गाव: आधी कागद, मग प्रवास

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात उतरून "आमचे पूर्वज इथले" असं सांगितलंत, तर लोक गोड हसतील, हवेबद्दल दोन वाक्यं बोलतील आणि चर्चकडे बोट दाखवतील. त्यापुढे बहुधा काही हाती लागणार नाही. चर्चच्या जुन्या नोंदवह्या आता चर्चमध्ये नसतात. पबमध्ये बसलेले बरेचसे लोक अलीकडे शहरातून येऊन स्थायिक झालेले असतात. आणि ज्या घरात तुमचे खापरपणजोबा जन्मले, ते घर बहुतेक वेळा त्यांचं नव्हतंच; जमीनदाराच्या मालकीचं, मजुरीबरोबर मिळालेलं आणि मजुरीबरोबर गेलेलं. म्हणून शोध घरी बसून करायचा, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, जुने कागद जपणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात पक्का करायचा आणि गावाला जायचं ते बघायला आणि चालायला. तिकिटं आधी काढून मग शोधायला बसलात, तर भलत्याच गावच्या कबरींचे फोटो घेऊन परत याल.

मराठी माणसाला याची गरज कुठे पडते? खडकी, देवळाली, भुसावळ, इगतपुरी इथल्या अँग्लो-इंडियन घरांत एखादे गोरे पणजोबा असतातच. शिवाय इंग्लंडमध्ये लग्न झालेले, तिथे वाढणारी मुलं असलेले आपले लोक आता पुष्कळ आहेत. मीही सून म्हणूनच यात ओढली गेले. सासरच्या मंडळींना स्वतःच्या आजोबांच्या पलीकडचं काही ठाऊक नव्हतं आणि त्याचं फारसं दुःखही नव्हतं, मलाच राहवेना.

उदाहरणाला सगळ्यांच्या माहितीतलं एक घर घेते. १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापणारे विल्यम केरी नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपुरी गावचे. जन्म १७ ऑगस्ट १७६१. वडील एडमंड हे विणकर, पुढे गावच्या चर्चचे कारकून आणि शाळामास्तर. केरी प्रसिद्ध असल्यामुळे त्यांची नोंद सोपी, पण त्यांच्या घराण्यात नवख्याला चकवणारे जवळजवळ सगळे खाचखळगे सापडतात.

घरातल्यांपासून सुरुवात

कॉम्प्युटर उघडण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. नाव, साल, गाव यांपेक्षा त्यांना फुटकळ गोष्टी विचारा: चर्चला जायचे की चॅपलला? कोणाचं नाव घेतल्यावर घरात शांतता व्हायची? पोस्टकार्डं कुठून यायची? चॅपल म्हणाले, तर कुटुंब अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचं, नव्हतं, आणि पुढचा निम्मा शोध त्या एका शब्दावर वळतो. जुन्या फोटोंच्या मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव आणि शहर छापलेलं असतं. ते शहर बहुधा गावाच्या बाजारपेठेचं असतं. कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहिलेले असतात. शाई आणि अक्षर सगळ्या नोंदींना एकच दिसलं, तर त्या एका बैठकीत आठवणीने उतरवल्यात असं समजा.

उच्चारही जसाच्या तसा लिहून ठेवा. आजी 'विंडम' म्हणत असेल आणि नकाशावर विंडम सापडत नसेल, तर तिला नॉरफोकमधलं वायमंडहॅम म्हणायचं असेल, कारण लिहायचं असं आणि म्हणायचं तसं. त्याच नॉरफोकमध्ये हॅपिसबर्ग लिहिलेल्या गावाला लोक 'हेझ्बरा' म्हणतात. आडनावांचीही हीच कथा. लिहिता न येणाऱ्या माणसाचं आडनाव पाद्रीबुवांनी कानाला आलं तसं लिहिलं; त्यामुळे "आमच्या आडनावात शेवटी ई आहे, हे आमचे नव्हेत" असं म्हणून नोंद सोडू नका.

माग भारतातून सुरू होत असेल तर

मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत: बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२ आणि मुंबईची एन/३. त्यांच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात. फिबिस ही ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था. तिची सूची फुकट चाळता येते, तेव्हा आधी तिथे जा.

पण या नोंदींत इंग्लंडमधलं गाव जवळजवळ कधीच नसतं. पुण्यात लग्न करणाऱ्या शिपायाची पलटण लिहिलेली असते, गाव नाही. तेव्हा पलटण पकडायची. राणीच्या फौजेतून पेन्शनवर सुटलेल्या शिपायांचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत आहेत, आणि त्यांत 'अमक्या शहराजवळच्या तमक्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) जन्म' अशी ओळच असते. कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे कागद मात्र ब्रिटिश लायब्ररीत. माणूस नोकरीत असताना वारला, तर पेन्शनचे कागद नसणार. मग पलटणीची हजेरीपत्रकं चाळावी लागतात आणि ते वेळखाऊ काम आहे. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या सेवापत्रिकांपैकी बऱ्याचशा सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. तुमच्या आजोबांची सापडली नाही, तर कारण बहुधा हेच.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुष्कळांना ती उशिरा कळते. आजी किंवा आजोबांपैकी कोणी युनायटेड किंग्डममध्ये जन्मलेलं असेल, तर भारताच्या नागरिकाला, भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, 'यूके अँसेस्ट्री' व्हिसासाठी अर्ज करता येतो. तो नोकरी करू इच्छिणाऱ्यांसाठी असतो आणि त्याला आजी-आजोबांच्या जन्माचा पूर्ण दाखला लागतो. पणजोबा चालत नाहीत. नुसतं फिरायला जायचं असेल, तर नेहमीचा व्हिजिटर व्हिसा पुरे.

१८३७ च्या अलीकडे

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. सूची फुकट बघता येते: फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर, आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खातं उघडून. दुसरीचा फायदा असा की जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव अगदी १८३७ पासून दिलंय. जुन्या छापील सूचीत ते १९११ पासूनच येतं. जॉन स्मिथ नावाच्या शंभर पोरांतून आपला निवडायचा, तर हे माहेरचं आडनाव सोन्यासारखं.

सूचीवर थांबू नका, दाखला मागवा. थोडे पौंड जातात, पण वडिलांचा धंदा, जन्माचं ठिकाण, नोंद कोणी केली, सही केली की फुली मारली, हे सगळं दाखल्यातच असतं. इंग्लंडच्या जन्मदाखल्यात तारखेशेजारी जन्माची वेळ दिसली, तर बहुधा जुळं आहे; दुसरं भावंड शोधा. सुरुवातीच्या दशकांत काही जन्म नोंदवलेच गेले नाहीत. नोंद टाळणाऱ्याला दंड १८७५ पासून लागू झाला.

दाखल्यांच्या जोडीला जनगणना. १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण घरटी माणसांची नावं देशभर सलग मिळतात ती १८४१ पासून. १८४१ ची फार विश्वासाने वाचू नका: पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचच्या पटीत खाली उतरवायची सूचना होती, आणि जन्म 'याच काउंटीत, होय की नाही' एवढाच विचारला होता. १८५१ पासून जन्माचं पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशी नातं येतं. गाव सापडतं ते इथेच. डावीकडच्या रकान्यातला आकडा घराचा नंबर नाही, तो फॉर्मचा अनुक्रमांक. हे न कळल्यामुळे लोक १४ नंबरचं घर शोधत गावभर हिंडतात, ज्या गावात नंबर असलेलं एकही घर नसतं.

सर्वांत अलीकडची खुली जनगणना १९२१ ची, जानेवारी २०२२ मध्ये उघडली. १९३१ ची डिसेंबर १९४२ मधल्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधली भोकं २९ सप्टेंबर १९३९ ला केलेल्या राष्ट्रीय नोंदणीने थोडी बुजतात.

अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्टला पैसे पडतात, फॅमिलीसर्च फुकट आहे. इंग्लंडमधल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत पैसेवाली संकेतस्थळंही फुकट वापरू देतात. या संकेतस्थळांवर दुसऱ्यांनी टाकलेले तयार वंशवृक्ष मात्र दुरून बघा. त्यात आई मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी असलेली मी पाहिली आहे.

गाव नक्की कोणतं

न्यूटन, सटन, स्टोक, अ‍ॅश्टन या नावाची गावं इंग्लंडमध्ये ढिगाने आहेत. काउंटी ठरल्याशिवाय गाव ठरलं असं मानू नये, आणि काउंट्याही जागच्या जागी राहिलेल्या नाहीत. १९७४ च्या फेररचनेत अ‍ॅबिंग्डन बर्कशायरमधून ऑक्सफर्डशायरमध्ये गेलं, बोर्नमथ हॅम्पशायरमधून डॉर्सेटमध्ये. हंटिंग्डनशायर केंब्रिजशायरमध्ये विरघळलं. रटलंड गेलं आणि १९९७ मध्ये परत आलं. आजच्या नकाशात शोधा, पण कागद जुन्या काउंटीच्या नावाखाली असू शकतात, हे ध्यानात ठेवा.

मग पॅरिश. चर्च ज्याच्या मध्यभागी, त्या चर्चच्या हद्दीतली सगळी वस्ती मिळून एक पॅरिश. त्यात मुख्य गावाखेरीज दोनचार वाड्या असतात, ज्यांना स्वतःचं चर्च नसतं. केरींचं जन्मस्थान सगळीकडे पॉलर्सपुरी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात घर पुरी एंड या वाडीत होतं. दाखल्यावर वाडीचं नाव आलं, तर आधी तिचं पॅरिश काढा.

१८३७ च्या पलीकडे: चर्चच्या वह्या

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या मंत्र्याने, थॉमस क्रॉमवेलने, प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम काढला. सगळीकडच्या वह्या तेव्हापासूनच्या टिकल्यात असं नाही, आणि १६४० ते १६६० च्या यादवीच्या काळात ठिकठिकाणी पानंच्या पानं कोरी आहेत. १५९८ पासून दरवर्षी एक प्रत बिशपकडे जायची. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल, तर ती प्रत मागा.

नवख्याने मागे जाताना तीन साली थबकायचं. १८१३: इथपासून छापील फॉर्म आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण येऊ लागलं, त्याच्या आधी बऱ्याचदा 'जॉन, थॉमस आणि मेरीचा मुलगा' एवढंच. १७५४: इथपासून ज्यू आणि क्वेकर वगळता सगळ्यांना अँग्लिकन चर्चमध्येच लग्न लावावं लागलं, ते १८३७ पर्यंत, आणि वधूवर व साक्षीदारांच्या सह्या वहीत आल्या. १७५२: कॅलेंडर बदललं. त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली. त्याआधी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून फेब्रुवारी १७४० ची नोंद आपल्या हिशेबाने १७४१ ची. लग्न मे १७४० मध्ये आणि मूल फेब्रुवारी १७४० मध्ये दिसलं, तर पणजीबद्दल कुजबुजण्याआधी हे आठवा. काही वह्या लॅटिनमध्येही आहेत: गुलिएल्मस म्हणजे विल्यम, याकोबस म्हणजे जेम्स.

सह्या वाचण्यात मजा असते. केरींचं लग्न १७८१ मध्ये शेजारच्या पिडिंग्टन गावात डोरोथी प्लॅकेटशी झालं. पुढे अनेक भाषांचे कोश रचणाऱ्या या माणसाच्या बायकोने लग्नाच्या वहीत सहीऐवजी फुली मारली. पॉलर्सपुरी ते पिडिंग्टन सरळ रेषेत साधारण बारा किलोमीटर. हे अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण रेल्वेआधीची लग्नं सहसा पायी जाऊन परत येता येईल एवढ्या टापूत होत. नोंद गावात नसेल, तर नकाशावर गावाभोवती पंधरा किलोमीटरचं वर्तुळ काढून एकेक पॅरिश तपासा. लग्न वधूच्या पॅरिशमध्ये लागायची रीत, म्हणून आधी तिचं गाव.

आता चॅपलवाल्यांचं. केरी अँग्लिकन घरात जन्मले, पण १७८३ मध्ये नीन नदीत डुबकी घेऊन बाप्टिस्ट झाले. बाप्टिस्ट तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. म्हणजे बापाचा बाप्तिस्मा पॅरिशच्या वहीत, लग्न पॅरिशच्या वहीत, आणि मुलं गायब. असं दिसलं, की कुटुंब गाव सोडून गेलं असं ठरवू नका; चॅपलच्या वह्या बघा. १८३७ नंतर सरकारने गोळा केलेल्या अशा वह्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ४ या मालिकेत आहेत.

गरिबांचे कागद

तुमचे इंग्लिश पूर्वज लॉर्ड नसण्याचीच शक्यता जास्त. १८४१ च्या जनगणनेत 'अ‍ॅग. लॅब.' हा तुटका शब्द पानोपानी दिसेल: शेतमजूर. लोक इथे हिरमुसतात. वास्तविक मजुराची हकिगत त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते, ती गरिबीच्या कायद्यामुळे.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाचं एक 'हक्काचं' पॅरिश ठरवलं. अडचणीत मदत करायची ती त्यानेच. कोणी परक्या पॅरिशमध्ये मदत मागायच्या बेताला आला, की न्यायाधिशासमोर त्याची जबानी घेत: कुठे जन्मलास, कोणाकडे शिकाऊ होतास, कोणाकडे सालभर चाकरी केलीस, लग्न कधी, मुलं किती. जबानीवरून ठरायचं, की हा आपल्या माथी की दुसऱ्याच्या, आणि दुसऱ्याचा असेल तर बायकापोरांसह त्याला तिकडे पोचवायचा हुकूम निघायचा. अविवाहित गड्याने पूर्ण वर्षभर चाकरी केली तर त्याला नव्या पॅरिशचा हक्क मिळे. म्हणून मालक मुद्दाम एक्कावन्न आठवड्यांचाच करार करत. लग्नाआधी मूल झालेल्या बाईला बापाचं नाव सांगायला लावत, म्हणजे त्याच्याकडून खर्च वसूल करता येईल. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्या जागी नुसती रिकामी ओळ असते, त्या जागेचं नाव या कागदांत सापडतं. १८३४ नंतर ही व्यवस्था अनेक पॅरिश मिळून चालवलेल्या वर्कहाउसांकडे, म्हणजे निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रमांकडे, गेली.

हे कागद सगळ्या गावांचे टिकलेले नाहीत आणि ऑनलाइन फार थोडे आहेत. रेकॉर्ड ऑफिसात पायधूळ झाडायची ती मुख्यतः यांच्यासाठी. काय निघेल याची घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी थोडी कल्पना द्यावी. माझ्या सासूबाईंना वर्कहाउसात जन्मलेल्या पणजीचं वाईट वाटलं नाही, पण ती गोष्ट शेजारणीसमोर सांगितली ते आवडलं नव्हतं.

मृत्युपत्रंही बघा, छोट्या शेतकऱ्याची, लोहाराची, विधवेचीसुद्धा असतात. १२ जानेवारी १८५८ पासून ती सरकारी प्रोबेट सूचीत (मंजूर झालेल्या मृत्युपत्रांच्या यादीत), त्याआधी चर्चच्या वेगवेगळ्या न्यायालयांत. कँटरबरीच्या न्यायालयातली नॅशनल आर्काइव्ह्जमधून ऑनलाइन मिळतात.

घराची जागा

इंग्लंडच्या गावाला गाव नकाशा आणि सातबारा होता, असं म्हटलं तरी चालेल. १८३६ च्या कायद्याने चर्चला द्यायचा धान्याचा दशमांश रोख रकमेत बदलला, आणि त्यासाठी पुढच्या पंधराएक वर्षांत इंग्लंड-वेल्सच्या साधारण तीन चतुर्थांश भागाचे टाइद (दशमांश) नकाशे झाले. नकाशात प्रत्येक शेताला आणि घराला आकडा. सोबतच्या यादीत त्या आकड्यापुढे मालक कोण, कूळ कोण, शेताचं नाव काय, पेरणी की कुरण, क्षेत्र किती. १८४१ च्या जनगणनेतला तुमचा माणूस या यादीत कूळ म्हणून सापडला, तर घराची नेमकी जागा सापडली.

त्यानंतर तोच तुकडा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या जुन्या नकाशांवर शोधा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने तपशीलवार नकाशे फुकट आहेत आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून बघता येतात. मजुरांच्या तीन खोपटांचं मिळून आता एक महागडं घर झालेलं दिसेल, किंवा नुसतं गवत. घर संरक्षित इमारतींत असेल, तर हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत त्याचं वर्णन वाचता येतं. केरींचं जन्मघर आज उभं नाही. गावाचा इतिहास एका बैठकीत हवा असेल, तर व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीत तुमचं पॅरिश आलंय का बघा. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर तिचे बरेच खंड वाचायला मिळतात.

रेकॉर्ड ऑफिसातला दिवस

प्रत्येक काउंटीचं वेगळं: नॉर्थॅम्प्टनशायरचं नॉर्थॅम्प्टनला, नॉरफोकचं नॉरिचला, डॉर्सेटचं डॉर्चेस्टरला, विल्टशायरचं चिपनमला. कुठे काय आहे ते नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'डिस्कव्हरी' सूचीत बघा. जागा आणि कागद आधी आरक्षित करा. रविवारी बंद, पुष्कळ ठिकाणी सोमवारीही. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा न्या. अनेक ऑफिसांत एकच आर्काइव्ह्ज कार्ड चालतं.

पेन आत नेऊ देत नाहीत, शिसपेन्सिल न्या. पिशवी लॉकरमध्ये. फोनने फोटो काढायला बहुधा दिवसाची फी असते. चर्चची वही मागितलीत, तर तिची मायक्रोफिल्म किंवा स्कॅन मिळेल. मूळ वहीचा हट्ट धरू नका. काउंटरवरच्या माणसाला "माझं घराणं शोधून द्या" असं न म्हणता "अमुक पॅरिशचे १७८० ते १८२० चे गरिबीच्या कायद्याचे कागद आहेत का" असं विचारा. मग ती माणसं इतकी मदत करतात, की संकोच वाटतो.

गावात

मे ते सप्टेंबर हा काळ धरा. जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो. डिसेंबरात चारला अंधार पडतो आणि दगडावरचं अक्षर दिसत नाही. खेड्यांची बरीच रेल्वे स्थानकं, रेल्वेत कपात सुचवणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर बंद झाली. बस असलीच तर मोजकी, रविवारी बहुधा नाहीच. गाडी भाड्याने घेणं बरं. भारतातल्या वाहन परवान्यावर बारा महिने चालवता येते आणि बाजूही आपलीच, डावी. मात्र गल्ल्या एका गाडीपुरत्याच असतात. समोरून ट्रॅक्टर आला, तर मागे जायची तयारी ठेवा.

निघण्याआधी महिनाभर दोन पत्रं पाठवा: एक चर्चला, एक गावच्या पॅरिश कौन्सिलच्या (ग्रामपंचायतीच्या) कारकुनाला. पाद्रीबुवांकडे चारपाच किंवा जास्तच चर्चेस असतात, तेव्हा उत्तर चर्चवॉर्डनकडून, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या गावकऱ्याकडून, येईल, आणि चर्चची किल्ली कोणाकडे ते कळेल. पत्र अर्ध्या पानाचं: आडनाव, सालं, काय बघायचंय. स्थानिक इतिहास मंडळ असेल, तर त्यांना वंशवृक्षही जोडा. एखादा निवृत्त मास्तर आयुष्यभर याच कागदांत रमलेला निघतो आणि तुमची वाटच बघत असतो.

चर्चच्या आवारात थेट आडनाव शोधत सुटू नका. गरिबांना दगड परवडत नसे. सर्वसामान्यांचे दगड सहसा अठराव्या शतकापासूनचे, आणि मजुरांचे त्यानंतरही क्वचित. दफनाच्या वहीत जागा लिहिलेली नसते. जुन्या कबरींवर नव्या झालेल्या असतात. म्हणून घरूनच स्थानिक कुटुंबइतिहास संस्थेने उतरवलेले शिलालेख मिळवा. पन्नास वर्षांपूर्वी वाचता आलेला दगड आज गुळगुळीत झालेला असतो.

दगड वाचायचा असेल, तर त्याला घासू नका. ब्रश, खडू, शेव्हिंग फोम यांतलं काहीही नको, शेवाळासकट सोडा. ऊन तिरपं पडेल अशी वेळ गाठा किंवा आरशाने बाजूने उजेड टाका, अक्षरं उठून दिसतात. ओळखीच्या दगडाशेजारचे चार दगडही टिपा, कारण नातेवाईक शेजारी पुरलेले असतात. चर्चच्या आत युद्धात पडलेल्यांची नावं, घंटा वाजवणाऱ्यांचे फलक, पाद्र्यांची यादी बघा. तुमच्या माणसाचा बाप्तिस्मा झाला तो दगडी कुंड बहुधा अजून तिथेच असतो. दानपेटीत काही टाका, आणि भेटवहीत कोणतं आडनाव शोधताय ते ई-मेलसह लिहा. तुमच्यासारखाच कोणी दूरचा चुलत कॅनडातून येऊन ते वाचतो.

घरांच्या बाबतीत मात्र जपून. रस्त्यावरून फोटो घ्यायला हरकत नाही. फाटक उघडून दार ठोठावू नका. राहणाऱ्यांना आधी पत्र टाका आणि उत्तर आलं नाही, तर तोच नकार समजा. आपल्याकडे गावचं माणूस आलं म्हणून चहा होतो, तिथे तसं गृहीत धरता येत नाही. चहा झालाच, तर मनापासून झालेला असतो.

नंतर चाला. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा नकाशा घ्या. त्यात शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा दाखवलेल्या असतात. वाटेवर पिवळा बाण दिसला, तर ती पादचाऱ्यांची. खाजगी शेतातून गेली तरी चालायचा हक्क आहे. फाटक होतं तसं लावा. गाई आणि वासरं एकत्र असतील, तर कुत्र्याशिवाय आणि लांबून जा. वाडीपासून चर्चपर्यंतची, गावापासून वधूच्या गावापर्यंतची वाट एकदा पायी केली, की जनगणनेतली शेजाऱ्यांची क्रमवारी एकदम कळायला लागते. पबमध्ये ऑर्डर काउंटरवर द्यायची. दुपारचं जेवण बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं, तेव्हा आधी खा आणि मग कबरी बघा.

गावच उरलं नसेल तर

असंही होतं. डॉर्सेटमधलं टाइनहॅम आणि विल्टशायरमधलं इंबर ही गावं १९४३ मध्ये लष्कराने सरावासाठी रिकामी केली, लोकांना परत येऊच दिलं नाही. टाइनहॅम बहुतेक शनिवार-रविवारी बघता येतं. इंबर वर्षातले थोडेच दिवस उघडतं, तेव्हा तारखा बघून तिकीट काढा. डार्बीशायरमधलं डर्वेंट लेडीबाउअर धरणाखाली गेलं. यॉर्कशायरचं व्हॅरम पर्सी तर मध्ययुगाच्या अखेरीलाच ओस पडलं. आज तिथे चर्चचे अवशेष आणि गवताखाली घरांचे उंचवटे दिसतात. गाव गेलं तरी नोंदवह्या सहसा रेकॉर्ड ऑफिसात शाबूत असतात.

परतल्यावर महिन्याच्या आत सगळ्या फोटोंना नावं द्या: पॅरिश, वहीचं साल, कागदाचा क्रमांक. क्रमांक नसलेला फोटो पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरतो. तुमच्या वंशवृक्षाची एक प्रत, हयात माणसांची नावं वगळून, गावच्या इतिहास मंडळाला पाठवा. पणजोबांची पलटण पुण्याला कधी आली आणि त्यांनी तिथे कोणाशी लग्न केलं, हे त्या गावात कोणालाच माहीत नसतं.